धाकटा आकडा आधी

मी नणंद आहे. आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. आपल्याकडे नणंद म्हटली की ती जळणारच, असं उखाण्यांपासून टीव्हीवरच्या मालिकांपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलंय. ह्या अन्यायाविरुद्ध मी एक पत्रक काढणार होते. मथळासुद्धा तयार होता. पण तेवढ्यात दादाचं लग्न झालं, मी खरोखरच जळायला लागले, आणि पत्रकातला दमच गेला.

फक्त एवढं नोंदवून ठेवा, की मी दागिन्यांवरून जळले नाही. साड्यांवरूनही नाही. आय, म्हणजे आमची आई, नव्या वहिनीच्या ताटात ओल्या बोंबलाचा मधला तुकडा वाढायची त्यावरून जराशी जळले, ते सोडा. खरी आग लागली ती एका सॉफ्टवेअरवरून.

आमचं गाव अलिबागच्या खाली, किनाऱ्याला लागून. बाबा बोटीवर असतात, आय सुकी मासळी करते. मुंबईवाल्यांचे बंगले आले तसतशी त्यांची कंपाउंडं दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकत गेली आणि मासळी वाळवायच्या जागेकडे जाणारी आमची वाट गिळून बसली. मांडव्याला बोटीतून उतरायचं, गाडीत बसायचं, गेटच्या आत शिरायचं आणि समुद्राला 'प्रायव्हेट' म्हणायचं. त्या वाटेसाठी दादा आणि मी भांडत आलोय, अजून भांडतोय. मी लिहायचे, दादा ते कॉम्प्युटरवर नीट लावायचा, अलिबागला जाऊन झेरॉक्स मारून आणायचा, मग दोघं मिळून खांबाखांबांना चिकटवायचो. दादाला शुद्धलेखन येतं, मला राग येतो. अशी आमची वाटणी. 'किनारा कुणाच्या बापाचा नाही!' ही आमची सगळ्यात गाजलेली ओळ. ती माझी.

पण पत्रकाला आयुष्य किती? चार दिवस खांबावर, मग बाजारात. एकदा मी जवळा घेतला, घरी येऊन पुडी सोडली, तर आत माझाच मजकूर. 'जागे व्हा'च्या बरोबर मधोमध ओला डाग. त्या दिवसापासून डोक्यात एकच होतं: आपण लिहिलेलं काहीतरी असं हवं, ज्यात कुणाला जवळा बांधता येणार नाही.

मी अलिबागलाच आयटीची पदवी घेतलीय. नोकरी केली नाही, कारण चळवळ होती आणि खरं सांगायचं तर कुणी दिलीही नाही. अशात एका नव्या, लहानशा क्रिप्टो नाण्याची माहिती वाचनात आली. हे काय प्रकरण असतं ते दोन वाक्यांत सांगते. ह्या चलनामागे बँक नसते. व्यवहारांच्या नोंदींचा नवा गठ्ठा आधीच्या गठ्ठ्यांच्या साखळीला कोण जोडणार, तर ज्याच्या कॉम्प्युटरने कष्ट केल्याचा पुरावा दिला तो, आणि बक्षिसाची नाणीही त्यालाच. कष्ट म्हणजे काय? एक संख्या घ्यायची, ती गठ्ठ्यात मिसळून दळायची, जे उत्तर पडेल ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का बघायचं. नसलं तर पुढची संख्या. पुन्हा दळायचं. लाखो वेळा. ह्याला मायनिंग म्हणतात. मासा पकडायला दर्यावर जावं लागतं, पण ताजा आहे का बघायला नुसता कल्ला उचलायचा. शोधताना घाम, तपासताना क्षण. ह्यापलीकडे त्यात जादू नाही, कितीही सूटवाले येऊन सांगोत.

मोठ्या नाण्यांचं मायनिंग आता गोदामंच्या गोदामं भरून ठेवलेली खास यंत्रं करतात. आमच्याकडे एलईडीचा झगझगाट करून सगळा समुद्र उपसणाऱ्या मोठ्या बोटी आहेत ना, तसं. ह्या नव्या नाण्याची रीत वेगळी होती. दळताना मेमरीत इतक्या उड्या मारायला लागायच्या की खास यंत्राला फायदाच उरू नये. साध्या कॉम्प्युटरचा साधा प्रोसेसर पुरेल. म्हणजे होडीवाल्यांचं नाणं! मला अजून काय हवं होतं? आमच्या बैठकीत एकाने विचारलं, "वीज जाळून आकडे दळायचे, ही कसली चळवळ?" प्रश्न बरोबर होता, म्हणून मी त्याच्यावर जरा जास्तच ओरडले.

त्या नाण्याच्या लोकांची अडचण अशी की नाणं होतं, पण मायनिंगचं नीट सॉफ्टवेअर नव्हतं. दुसऱ्या नाण्यांसाठी केलेलं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, खुलं. म्हणजे कुणीही वाचावं, बदलावं, वाटावं, फक्त आधीच्यांची नावं पुसू नयेत. त्यांनी जाहीर केलं: हे आमच्या रीतीवर बसवून द्या. पहिलं जे बरोबर चालेल ते आमचं अधिकृत, आणि त्याची देखभालही त्याच माणसाकडे. मी त्याच दुपारी लिहून टाकलं, मी करते. फाइलच्या डोक्यावर माझं नाव बसणार होतं. दुसरं काही मला नको होतं. पण ते मात्र हवं होतं.

आणि मग वहिनी आली.

ती दादाला मांडव्याच्या बोटीत भेटली. दादाने तिच्या हातात पत्रक दिलं. माझं पत्रक! तिने ते गेटवेपासून मांडव्यापर्यंत वाचलं म्हणे, आणि उतरताना त्याला दोन प्रश्न विचारले. लग्न जमलं माझ्या मजकुरावर आणि श्रेय गेलं दादाच्या दाढीला. ती खारघरची, इंग्रजी माध्यमातली, कॉम्प्युटर इंजिनिअर, एका कंपनीचं काम घरूनच करणारी. तिच्याबरोबर काळ्या डब्यासारखा एक मोठा कॉम्प्युटर आला, दोन स्क्रीन आल्या, पाठीला टेकू देणारी खुर्ची आली. आठवड्यात दादाने घरात नवीन इंटरनेट घेतलं. मी इतकी वर्षं माडाखाली उभी राहून फोनचं नेट पकडत होते, तेव्हा दादाला इंटरनेट हा भांडवलदारांचा सापळा वाटायचा.

माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याचा वापरलेला. त्याचं सेमीकोलनचं बटण निघालं होतं. खालची रबराची बोंडी नखाने दाबायला लागायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे सॉफ्टवेअर सी नावाच्या भाषेत लिहायचं होतं, आणि ह्या भाषेत जवळजवळ प्रत्येक ओळ सेमीकोलनने संपते.

ती मला 'वन्सं' म्हणायची. हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मालिकेतून उचलला होता.

"वन्सं, काय करतेस ग एवढं?"

मी लॅपटॉप मिटायचे. "पत्रक लिहितेय."

"सीमध्ये?"

तिला दिसलं होतं. तिला सगळं दिसायचं, आणि ती त्यावर हसायची, तेही वाईट हसणं नाही. वाईट हसली असती तर मला केवढं सोपं गेलं असतं!

एका गोष्टीत मात्र ती सपशेल नापास होती. मराठी आकडे. पस्तीसपर्यंत कशीबशी यायची, पुढे अंधार. आय मुद्दाम तिला विचारायची.

"एकोनसत्तर म्हंजे किती गो?"

"सत्तर?"

"न्हाय. एक उना."

"मग... एकसष्ट?"

आय खो-खो हसायची, ती पण हसायची, दादा तर असा बघत बसायचा जसं काही ती ओव्या रचतेय. मी हसत नव्हते. हा माझ्यासाठी गंभीर प्रश्न होता. काही वर्षांपूर्वी शाळेच्या गणिताच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' आलं, तेव्हा मी आख्खं पत्रक काढलं होतं: 'त्रेसष्टचं साठ तीन करणाऱ्यांनो, आमच्या आयसमोर एकदा मोजून दाखवा!' सरकार म्हणत होतं, पोरांना ऐकलं तसं लिहिता यावं. आपण बोलताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो, त्यात पोरं गोंधळतात. मी लिहिलं होतं, पोरं गोंधळत नाहीत, तुम्ही गोंधळता. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच आयसमोर, एक इंजिनिअर गोंधळत होती आणि सगळे तिच्यावर खूश होते.

माझं काम चाललं होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या नाण्याची दळायची रीत बसवली. सुरुवातीला चालेच ना, मग चालायला लागलं, पंखा घरघरायला लागला, लॅपटॉप इतका तापला की आयने त्यावर पापड ठेवू का विचारलं. पडद्यावर वेग दिसत होता. उत्तरं सापडत होती. ती त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरकडे जात होती. आणि प्रत्येक उत्तरावर एकच शब्द परत येत होता: रिजेक्टेड. रिजेक्टेड. रिजेक्टेड. सर्व्हरचं म्हणणं, तुझं उत्तर मर्यादेपेक्षा लहान नाहीच. माझं म्हणणं, आहे. मी पडद्यावर छापून बघितलं, मला तर सुरुवातीला शून्यंच शून्यं दिसत होती, म्हणजे लहानच! तरी रिजेक्टेड. पंचायतीत इतके अर्ज दिले, तिथेसुद्धा निदान कधीतरी 'बघू' म्हणतात.

वहिनीला विचारावं, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. म्हणजे आलं, पण मी त्याला हाकललं.

मग एक दिवस जेवताना दादा म्हणाला, "तुला सांगायचं राहिलंच. हिने तुझं ते सॉफ्टवेअर केलं."

माझा घास हातातच राहिला. "माझं?"

"अगं तेच, मायनिंगचं. रविवारी बसली, सहज. तुझ्यापेक्षा कितीतरी पट जोरात पळतंय."

"वन्सं, मी फक्त स्पीड बघत होते," वहिनी म्हणाली. "प्रोसेसरमध्ये एकाच वेळी चार-चार आकडे दळायची सोय असते ना, ती वापरली. बाकी तेच जुनं सॉफ्टवेअर, सेम. आणि माझं पण सगळं रिजेक्ट होतंय, डोंट वरी. मला वाटतं त्यांचा सर्व्हरच बंडल आहे."

सहज! रविवारी! मी महिनोन् महिने रबराची बोंडी नखाने दाबत होते आणि हिने रविवारी सहज! आय म्हणाली, "घे गो, आजून येक तुकडी घे," आणि ते मला नव्हतं. मी मनातल्या मनात त्या सर्व्हरचे आभार मानले. बाबा रे, हिचंही नाकारतोयस ना? नाकारत राहा. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या नाकारणाऱ्याच्या बाजूने होते.

आता नुसतं नाव बसवायचं राहिलं नव्हतं. आता तिच्या आधी बसवायचं होतं. तिचं जोरात पळणारं जर आधी बरोबर झालं, तर माझं कुणी बघणारही नव्हतं. ना नाण्यावाले, ना दादा.

आणि मग गोण्यांचा दिवस आला. पनवेलच्या व्यापाऱ्याचा टेम्पो सुक्या बोंबलाच्या गोण्या न्यायला यायचा होता. वहिनीला सुट्टी होती, म्हणून ती उत्साहाने अंगणात आली. आय जुड्या मोजून गोणीत भरत होती आणि आकडा ओरडत होती, वहिनी मार्करने तो गोणीवर लिहीत होती, मी तोंडं शिवत होते. टेम्पोवाला आला, गोण्या बघायला लागला.

"मावशी, ही छत्तीसची गोनी एवढी फुगलीय कशानं?"

"छत्तीस?" आय उठलीच. "आरं त्रेसष्ट हाईत त्या! छत्तीस कोन म्हनला?"

गोणीवर ठळक अक्षरांत ३६ होतं. सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं.

"तुम्ही त्रे म्हणालात, मी तीन लिहिला," वहिनी म्हणाली. "मग सष्ट म्हणालात, मी सहा लिहिला. ऐकलं तसं लिहिलं ना!"

"आगो बाय माजे! धाकटा आदी बोलायचा नि थोरला आदी लिवायचा!"

टेम्पोवाला हसला, आय हसली. मी तर सुई टाकून हसले. खूप दिवसांचं साठलेलं होतं, सगळं काढून घेतलं. घ्या तुमची इंजिनिअर! त्रेसष्टचं छत्तीस! हसता हसता मला वाटलं, पत्रकात हा दाखला हवा होता. ऐकणारीने तीन थोरला धरला, कारण तो आधी आला. टोक चुकलं. आकडे दोन्ही बरोबर, नुसतं टोक चुकलं...

आणि मी हसता हसता थांबले.

कॉम्प्युटर मोठी संख्या मेमरीत ठेवतो तेव्हा तिचे तुकडे करतो. ते जुनं सॉफ्टवेअर आमच्या आयसारखं होतं: धाकटा तुकडा आधी, थोरला सगळ्यात शेवटी. म्हणून उत्तर लहान आहे की मोठं हे ठरवताना ते शेपटीकडून बघायचं. हे नवं नाणं पाटीवर लिहिल्यासारखं थोरला आधी ठेवत होतं. मी दळायची रीत नवी बसवली, पण तोलायची जुनीच राहू दिली. मी इतके दिवस त्रेसष्ट ऐकून छत्तीस लिहीत होते! आणि पडद्यावर मला ते दिसत नव्हतं, कारण जुनं सॉफ्टवेअर छापताना आकडा उलटा करून छापतं, बघणाऱ्याच्या सोयीसाठी. सोय! सर्व्हर बंडल नव्हता. तो बिचारा खरंच सांगत होता.

"वन्सं, काय झालं?" वहिनीने विचारलं. माझ्याकडेच बघत होती.

"काही नाही. सुई लागली."

मी आत गेले. मागून आय ओरडली, "गोन्या कोन शिवल?" वहिनी म्हणाली, "मी शिवते ना." मी हे ऐकलं आणि तरी गेले. कुणी म्हणेल, तिच्याच चुकीवरून सुचलं, तिला सांगायला हवं होतं. का? तिचा कॉम्प्युटर मला मिळाला होता का? तिची खुर्ची? सांगितलं असतं तर तिने अर्ध्या मिनिटात बदललं असतं, कारण तिचं सेमीकोलन शाबूत होतं.

बदल फार थोडा होता. शेपटीकडून बघणारी ओळ डोक्याकडून बघायला लावायची. बोंडी दाबली. चालवलं. पंखा घरघरला. बराच वेळ काहीच नाही, कारण आता खरी लहान उत्तरंच निवडली जात होती, आणि ती दुर्मिळ असतात. अंगणातून टेम्पो गेल्याचा आवाज आला.

ॲक्सेप्टेड.

मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. पुन्हा एक. ॲक्सेप्टेड. मी फाइलच्या डोक्यावर जुन्या लोकांच्या नावांखाली माझं नाव टाकलं आणि सगळं पाठवून दिलं. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: बरोबर चालतंय, घेतलं, ह्यापुढे ह्या भागाची जबाबदारी तुमची. यात कुणी काही बदल सुचवला तर तुमच्या संमतीशिवाय आत येणार नाही.

मी दादाला दाखवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "भारी, संपादक." मग ते त्याने वहिनीला दाखवलं.

"अगं! उलटं टोक!" ती कपाळावर हात मारून ओरडली. "माझी गोणी! मला कसं नाही दिसलं? वन्सं, यू आर टू गुड!" आणि तिने मला मिठी मारली. मला वाटलं होतं, निदान तोंड पडेल. नाही. तिला जळताच येत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि तो ती सुधारायला तयार नाही.

त्याच आठवड्यात तिचा बदल माझ्यासमोर येऊन पडला. माझ्याच सॉफ्टवेअरवर बसवलेली तिची जोराची रीत, व्यवस्थित, नियमाप्रमाणे, माझ्या संमतीसाठी. मी आत घेतला की जगात जो कुणी हे नाणं काढेल तो तिचं सॉफ्टवेअर चालवणार. माझं नाव डोक्यावर राहणार, पण वेग तिचा. लोक वेगाला हात जोडतात.

मी तो अडवून ठेवला.

खोटं कारण एकही दिलं नाही, हे लिहून घ्या. खरीच कारणं दिली, पण शोधून शोधून. इथे मोकळी जागा जास्त आहे. ह्या नावाचा अर्थ कळत नाही. जुन्या प्रोसेसरवर चालवून दाखवा. ती पलीकडच्या खोलीत बसून सगळं करायची आणि उत्तर पाठवायची: 'डन. थँक्स, वन्सं.' भिंतीपलीकडून तिच्या बटणांचा आवाज यायचा, सगळी बटणं जाग्यावर असलेला आवाज. मग आणखी कुठले कुठले लोक विचारायला लागले, वेगवान बदल पडून का आहे? मी लिहिलं, तपासणी चालू आहे. अलिबागच्या कचेरीत मला जे ऐकवतात, शब्दशः तेच.

तेव्हा दादा नवीन पत्रक लावत होता. वाटेबद्दलच होतं, बंगलेवाल्यांनी आता गेटला कुलूप घातलं होतं. माझी ओळ होती: 'सगळ्यांची वाट अडवून चावी खिशात घालणारे तुम्ही कोण?' दादाने ती मोठ्याने वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे बंगल्यावर लावू की तुझ्या लॅपटॉपवर?"

"तोंड सांभाळून बोल."

"किनारा कुणाच्या बापाचा नाही, हे कुणी लिहिलं होतं गं? मी तर नुसतं शुद्धलेखन बघितलं."

मी त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण उठून लॅपटॉप उघडला. मनात ठरवलं, एकदा शेवटचं वाचायचं, ओळ न् ओळ, आणि एक जरी खरी चूक सापडली तरी परत पाठवायचं. वाचलं. चूक नव्हती. इतकं नेटकं होतं की मला शारीरिक त्रास झाला. आणि जिथे मी टोक बदललं होतं, माझ्या त्या ओळीवर, तिने एक टीप लिहिली होती. आधी इंग्रजीत, जगासाठी. आणि खाली देवनागरीत: 'माझ्या सासूबाई मोजतात तसं नाही. इथे थोरला आकडा आधी.'

माझ्या सासूबाई!

ओळ माझी. सुचलं मला. आय माझी. आणि ती आता तिच्या सासूबाई म्हणून जगभर जाणार? ही चूक होती. खरी चूक. मी ताबडतोब लिहिलं: 'नाते चुकीचे नोंदवले आहे. सासूबाई काढा. आमची आय लिहा.'

भिंतीपलीकडे बटणं वाजली, थांबली. मग पुन्हा थोडी वाजली.

दुरुस्ती आली. 'आपली आय मोजते तसं नाही. इथे थोरला आकडा आधी.'

मी आमची लिहिलं होतं, तिने आपली केलं होतं. मराठी वाचणाऱ्याला हा फरक सांगायला नको. आमची म्हणजे तुझी नाही. त्रेसष्ट कळत नाही हिला, आणि हे कळतं! मी ती ओळ वाचत बसले. परत पाठवायला कारण उरलं नव्हतं. व्याकरण बरोबर होतं. मजकूर बरोबर होता. मी संमतीचं बटण दाबलं, आणि कुलूप निघाल्यावर गेट कसं करकरत उघडतं तसं काहीही झालं नाही, नुसती एक हिरवी खूण आली.

पुढच्या वेळी टेम्पो आला तेव्हा वहिनी पुन्हा मार्कर घेऊन उभी.

"अठ्ठावन!" आय ओरडली.

वहिनीने डावीकडे एक बोटभर जागा सोडली, आधी आठ लिहिला, आणि मग सोडलेल्या जागेत पाच. ऐकलं तसं, पण उजवीकडून. ५८. पुढची गोणी. "एक्क्याण्णव!" जागा, एक, मग नऊ. एकही चूक नाही. पत्रक काढणारीला ही युक्ती इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

"बग, बग जरा," आय मला म्हणाली, "डोकं कसं चालतंय सूनंचं!"

मी गोणीचं तोंड शिवत होते. ह्या खेपेला सुई खरंच लागली.